जिल्ह्यातल्या ट्रस्टांचा संघ काढायचाय? मग सामाईक निधी बाजूला ठेवा

तुमच्या प्रश्नाचा गाभा मला असा समजला. सांगली जिल्ह्यात तुमच्या आजोबांच्या नावाचा एक लहान ट्रस्ट आहे. दरवर्षी काही मुलांना शिष्यवृत्ती आणि काही रुग्णांना औषधपाण्याची मदत, एवढं त्याचं काम. आसपास असे बरेच ट्रस्ट आहेत, पण कोण काय करतं हे एकमेकांना माहीत नसतं. म्हणून सगळ्यांनी मिळून जिल्ह्याचा संघ काढावा, एक सामाईक निधी उभारावा आणि त्यातून गरजूंना द्यावं, असं तुमच्या मनात आहे. नोंदणी कोणत्या कायद्याखाली करायची, सभासद कोणाला करायचं, आणि तालुक्यातले एक वजनदार पुढारी अध्यक्ष व्हायला व कार्यालयाला जागा द्यायला तयार आहेत तर हो म्हणायचं का, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पश्चिम महाराष्ट्रात बरीच वर्षं ट्रस्टांचे हिशेब, नोंदण्या आणि ट्रस्टांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी धर्मादाय कार्यालयातली कामं पाहते. शेजारच्या एका जिल्ह्यात ट्रस्टांचा असाच एक मंच आहे, त्याच्या कामात सुरुवातीपासून आहे. तुमची एकत्र येण्याची कल्पना मला मनापासून पटते. सामाईक निधीची मात्र पटत नाही. संघ हा सभासदांचं ओझं हलकं करण्यासाठी असतो. तो स्वतःच देणग्या मागू लागला की आपल्याच सभासदांच्या दारातला देणगीदार पळवतो, आणि मग ते सभासद त्याला आपली यादी, आपले हिशेब, आपल्या अडचणी काहीच दाखवत नाहीत. माझं बाकीचं उत्तर या एका मुद्द्यावर उभं आहे.

तुमच्या कल्पनेत दोन वेगळ्या संस्था एकत्र झाल्या आहेत. एक म्हणजे गावाचा किंवा जिल्ह्याचा कायमचा लोकनिधी: अनेकांनी थोडंथोडं ठेवायचं, मूळ रक्कम जपायची आणि तिच्या उत्पन्नातून त्याच भागातल्या कामांना द्यायचं. याला कम्युनिटी फाउंडेशन म्हणतात. पहिलं १९१४ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलँड शहरात निघालं. आपल्याकडे मुंबईत १९९१ मध्ये बॉम्बे कम्युनिटी पब्लिक ट्रस्ट याच धर्तीवर सुरू झाला. दुसरी संस्था म्हणजे देणाऱ्यांचा संघ. तो कोणाला मदत वाटत नाही. देणाऱ्यांना नीट, वेळेवर आणि योग्य ठिकाणी देता यावं यासाठी तो राबतो.

या दोन्हींची जोडी कशी बसते हे पाहायचं तर अमेरिकेतलं इंडियाना राज्य पाहावं. तिथल्या लिली एन्डाउमेंट या मोठ्या फाउंडेशनने १९९० मध्ये राज्यभर स्थानिक लोकनिधी उभे करायचं ठरवलं. तोवर असे निधी मोजक्या ठिकाणी होते. आज सर्व ९२ काउंट्यांना, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांना, ते उपलब्ध आहेत. स्थानिक लोकांनी आपला वाटा जमवायचा आणि लिलीने भर घालायची, अशी रीत ठेवली. पैसा त्या त्या काउंटीच्या निधीतच राहिला. राज्याच्या संघाकडे काम आलं ते नव्या विश्वस्तांना शिकवण्याचं, पद्धती बसवून देण्याचं आणि अडलेल्याला सल्ला देण्याचं. शेजारच्या मिशिगनमध्येही तसंच. तिथे केलॉग फाउंडेशनच्या पाठबळाने राज्याच्या संघाने गावोगावच्या लोकनिधींमध्ये तरुणांच्या समित्या बसवल्या. शाळकरी मुलं स्वतः अर्ज वाचतात आणि कोणाला द्यायचं ते ठरवतात. २००३ मध्ये तर राज्य सरकार आणि फाउंडेशन्स यांच्यात बोलणी ठेवणारं संपर्कपद तिथे निर्माण झालं आणि त्याला या संघाने आधार दिला. एकट्या फाउंडेशनला सरकारदरबारी असा नेहमीचा रस्ता मिळाला नसता.

हे सगळं उचलून सांगलीत आणता येणार नाही. तिथल्या संघाचे बहुतेक सभासद फक्त अनुदान देणारे असतात आणि त्यांच्यामागे मोठ्या ठेवी असतात. आपल्याकडे एकच ट्रस्ट वसतिगृह चालवतो, शिष्यवृत्ती देतो आणि वर्षातून दोनदा पावतीपुस्तक घेऊन फिरतोही. शिवाय तुमच्या मागे लिली नाही. पण पैसा जागच्या जागी आणि संघाकडे फक्त सेवा, ही मांडणी आपल्याला चालते, आणि आपले कायदेही तिकडेच ढकलतात.

कायदे कसे ढकलतात ते सांगते, कारण निधीच्या कल्पना बहुधा इथेच अडकतात. प्राप्तिकरातून सूट हवी असेल तर ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के आपल्या उद्दिष्टांवर खर्च करायचे असतात. १५ टक्के गंगाजळीत ठेवता येतात. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून असा नियम आहे की एका ट्रस्टने दुसऱ्या नोंदणीकृत ट्रस्टला देणगी दिली तर तिच्यातले ८५ टक्केच खर्च म्हणून धरायचे. समजा तुमचं उत्पन्न १० लाख आहे. साडेआठ लाख तुम्ही थेट मुलांच्या फीवर आणि रुग्णांवर खर्च केलेत तर प्रश्न मिटला. तेच साडेआठ लाख संघाच्या निधीत दिलेत, तर खर्च धरला जाईल ७ लाख २२ हजार ५००, आणि १ लाख २७ हजार ५०० कमी पडतील. ती तूट निधीत आणखी देऊनच भरायची तर उरलेले दीड लाखही द्यावे लागतील, म्हणजे गंगाजळीत काही ठेवण्याची मुभा तुमच्या हातून गेली. पुढे संघाने ती रक्कम आणखी एखाद्या संस्थेला दिली की तिथे पुन्हा हेच. आणि संघाच्या कायम निधीसाठी, म्हणजे कॉर्पससाठी म्हणून दिलेली रक्कम तर तुमच्या खर्चात धरतच नाहीत. तुमच्या डोक्यातला निधी नेमका कायमचा आहे, म्हणून हे आत्ताच सांगितलं.

परदेशी देणग्यांचं आणखी कडक आहे. त्यांच्या कायद्यातल्या २०२० च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी ज्या संस्थेला मिळाली तिनेच ती वापरायची. दुसऱ्या कोणालाही वर्ग करता येत नाही, मग त्या संस्थेकडे परदेशी देणगी घेण्याचा परवाना असला तरीही. कंपन्यांच्या सीएसआरचा, म्हणजे सामाजिक कामासाठी त्यांनी कायद्याने खर्चायचा, पैसा संघामार्फत आणू म्हणाल, तर राबवणाऱ्या बाहेरच्या संस्थेला तशा कामाचा किमान ३ वर्षांचा अनुभव आणि कंपनी मंत्रालयाकडची नोंदणी लागते. नव्या संघाकडे पहिली ३ वर्षं तरी हे नसणार. तुमच्या जुन्या सभासद संस्थांकडे मात्र असू शकतं. मग कंपनीला थेट त्यांच्याकडे पाठवणंच सोयीचं.

आपल्याच वाचकांच्या ओळखीची उदाहरणं घ्या. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम २०११ पासून गणेशोत्सवात १० संस्थांची ओळख करून देतो, आणि वाचक त्या त्या संस्थेच्या नावाने धनादेश काढतात. पुण्यात पितृपक्षात भरणारं ‘देणे समाजाचे’ हे प्रदर्शन संस्था आणि देणारे यांना एका छताखाली आणतं. दोन्हीकडे मध्यस्थाने पैशाची तिजोरी आपल्याकडे ठेवलेली नाही, आणि लोकांचा विश्वास टिकण्याचं ते एक मोठं कारण आहे असं मला वाटतं.

निधी नाही तर संघ करणार काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असेल. काम इतकं आहे की पहिल्या वर्षी तुम्हाला निवड करावी लागेल.

मी सुरुवात कागदपत्रांपासून करीन. याला कंटाळवाणं काम म्हणून मागे टाकू नका. लहान ट्रस्ट मोडतात ते पैशाअभावी कमी आणि राहून गेलेल्या कागदांमुळे जास्त. एखादे विश्वस्त वारले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाची नोंद करण्याचा अर्ज, दाखल करायचा असतो. घरचा ट्रस्ट, घरचीच माणसं, म्हणून तो राहतो. पुढे आणखी एक विश्वस्त जातात, तोही राहतो. मग बँक सहीसाठी शेड्यूल एकचा, म्हणजे ट्रस्टच्या सरकारी नोंदीचा, उतारा मागते तेव्हा उताऱ्यावर निम्मी नावं दिवंगतांची निघतात. जमीन विकायची म्हणून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ खाली परवानगी मागायला गेलं तर अर्ज करणारे विश्वस्त नोंदलेलेच नाहीत असं कळतं. उशीर माफ करून घेता येतो, पण त्यात महिने जातात आणि वकिलाचा खर्च होतो, तोही शिष्यवृत्तीच्या पैशातून.

इतरही तारखा आहेत. ३१ मार्चला हिशेब मिटवायचा, ६ महिन्यांत लेखापरीक्षण करून अहवाल धर्मादाय कार्यालयात द्यायचा. प्राप्तिकराचा ऑडिट अहवाल वेगळा, विवरणपत्र वेगळं. देणगीदारांना करसवलत मिळते अशा ट्रस्टांनी देणगीदारांची यादी प्राप्तिकर खात्याला द्यायची, आत्तापर्यंत ती ३१ मेपर्यंत द्यावी लागे आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला २०० रुपये पडत. प्राप्तिकराची नोंदणी आता कायमची राहिलेली नाही, ठरावीक वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. त्यात एक दिलासा आहे: ज्यांचं उत्पन्न अर्जाच्या आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींच्या आत आहे त्यांना १ एप्रिल २०२५ नंतरच्या अर्जावर ५ ऐवजी १० वर्षांची नोंदणी मिळू शकते. तुमच्यासारखे जवळपास सगळे ट्रस्ट यात बसतील. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक बदलतात, म्हणून मी इथे क्रमांक देत बसले नाही. पण नेमक्या अशा वेळीच एकट्या ट्रस्टचा गोंधळ उडतो. एका सनदी लेखापालाला बोलावून ३० ट्रस्टांना एका दुपारी नवे नमुने समजावून देणं, हे संघाचं काम.

आमच्या मंचाने वर्षाच्या तारखांचा एक तक्ता छापला आणि प्रत्येक तारखेच्या महिनाभर आधी सभासदांना फोन जाईल अशी व्यवस्था केली. संदेश पाठवून भागत नाही. बरेच विश्वस्त सत्तरीच्या पुढचे असतात, त्यांच्याशी बोलावं लागतं. ‘अण्णा, ऑडिट झालं का?’ एवढं विचारलं तरी ते त्या आठवड्यात हालचाल करतात. या एका सोयीसाठी लोक वर्गणी देतात, हे मी पाहिलं आहे.

दुसरं काम शिष्यवृत्त्यांचं. यात मी थोडी रेंगाळणार आहे, कारण तुमच्या ट्रस्टला याचा सर्वांत जास्त उपयोग आहे. जून-जुलैमध्ये जिल्ह्यातले ट्रस्ट आपापले अर्ज मागवतात. प्रत्येकाचा नमुना वेगळा, शेवटची तारीख वेगळी, उत्पन्नाची अट वेगळी. ज्या मुलाचे वडील किंवा शिक्षक धावपळ करू शकतात, तो मुलगा तीन ठिकाणी अर्ज करतो आणि कधी तिन्हीकडून घेतो. जत किंवा आटपाडीकडच्या वाडीवरच्या मुलीला यातल्या एकाचाही पत्ता नसतो. यात त्या मुलाची चूक नाही. तिन्ही ट्रस्टांनी एकमेकांना विचारलं नाही, एवढंच.

यावर सगळ्यांनी मिळून एकच अर्ज ठेवायचा. नाव, गाव, शाळा, गुण, घरचं उत्पन्न, आधी कुठून मदत मिळते, शाळेची सही. ज्या ट्रस्टला एखादी खास अट आहे, समजा फक्त मुलींसाठी किंवा फक्त तंत्रशिक्षणासाठी, त्याने एका पानाची पुरवणी जोडावी. अर्ज तालुक्याच्या ठिकाणी कुठल्याही सभासद ट्रस्टकडे द्यावा. निवड मात्र प्रत्येक ट्रस्ट आपली आपण करील आणि पैसेही आपले आपण देईल. संघ फक्त एक बैठक घेतो. तिच्यात निवडलेल्यांच्या याद्या शेजारी शेजारी ठेवायच्या. एकच नाव दोनदा आलं तर दोघांनी आपसात ठरवायचं: फी तुम्ही भरा, खोलीभाडं आम्ही भरतो, किंवा तुमची जागा दुसऱ्याला द्या. याद्या दाखवण्याआधी विद्यार्थी आणि पालकांची लेखी संमती अर्जावरच घ्या. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे, आणि कायदा नसता तरी घरच्या गरिबीची माहिती विचारून मगच दुसऱ्यापुढे ठेवायला हवी.

पहिल्या वर्षी काही ट्रस्ट यादी दाखवायला तयार नसतात. आमच्या वडिलांनी गुप्तदान केलं, आम्ही नावं कशी सांगू, असं म्हणतात. त्यांच्यावर जोर करू नका. त्यांनी नुसता तालुका आणि इयत्ता सांगितली तरी कुठल्या तालुक्यात काहीच पोहोचत नाही ते नकाशावर दिसतं. तो नकाशा पाहून पुढच्या वर्षी बरेच जण आपणहून यादी आणतात.

तिसरं काम रुग्णांचं. तुमचा ट्रस्ट औषधोपचाराला मदत देतो, म्हणून हे नीट समजून घ्या. महाराष्ट्रातल्या धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवायच्या असतात, आणि बिलांच्या रकमेतले २ टक्के निर्धन रुग्ण निधीत टाकायचे असतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं एक कलम आणि २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलेली योजना यांच्यामुळे ही सोय आहे. तरीही कित्येकदा असं होतं की रुग्ण त्या खाटेला पात्र असतो, कागद वेळेवर पोहोचत नाहीत, आणि बिल भरायला नातेवाईक तुमच्यासारख्या लहान ट्रस्टकडे येतात. तुम्ही चांगल्या मनाने १५ हजार देता. तेच पैसे पात्र नसलेल्या, पण खरोखर अडलेल्या माणसाला मिळायला हवे होते. संघात धर्मादाय रुग्णालयं आणि मदत देणारे ट्रस्ट एकत्र बसले, आणि रुग्णालयाच्या समाजसेवकाचा फोन नंबर प्रत्येक ट्रस्टकडे असला, की मदत मागायला आलेल्या माणसाला आधी योग्य खिडकीकडे पाठवता येतं. याला एक रुपयाही लागत नाही.

पुराचं तुम्हाला मी काय सांगणार. सांगलीने २००५, २०१९ आणि २०२१ पाहिलं आहे. पुराच्या दिवसांत रस्त्यालगतच्या गावांत ट्रकमागून ट्रक येतात, कपड्यांचे ढीग साचतात आणि आतल्या गावांत पिण्याचं पाणी नसतं. तेव्हा कोणी नियोजन करायला बसत नाही. ते आधी ठरलेलं असावं लागतं. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागलं की कोणता ट्रस्ट कोणत्या गावांकडे बघणार, कोणाकडे गाडी आहे, कोणाच्या शाळेत माणसं राहू शकतात, जिल्हाधिकारी कार्यालयाशी कोण बोलणार, याचं एक पान एप्रिल-मेमध्येच तयार ठेवा. पूर ओसरल्यावरचं कामही त्याच पानावर लिहा: वह्या-पुस्तकं, शिलाई यंत्रं, विहिरींचा उपसा. बाहेरची मदत तोवर आटलेली असते आणि स्थानिक ट्रस्टांची खरी गरज तेव्हाच लागते.

जुन्या, निपचित पडलेल्या ट्रस्टांचाही एक विषय आहे. बँकेत ठेव आहे, एखादी खोली आहे, पण विश्वस्त थकलेत आणि पुढची पिढी पुण्या-मुंबईत किंवा परदेशात. अशा ट्रस्टांना नवे विश्वस्त शोधून देता येतात, किंवा सारख्या उद्दिष्टांचे दोन-तीन ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीने एका योजनेखाली एकत्र करता येतात. हे काम सावकाशीचं आहे आणि घराण्यांच्या भावना त्यात गुंतलेल्या असतात, म्हणून पहिल्या दोन वर्षांत त्याला हात घालू नका.

परदेशातल्या मराठी माणसांचा उल्लेख तुम्ही केला नाहीत, पण संघ निघाला की त्यांची विचारणा येईलच. अमेरिकेतल्या मराठी मंडळींनी १९७८ मध्ये सुरू केलेलं महाराष्ट्र फाउंडेशन इथल्या संस्थांना मदत करत आलं आहे. गावाकडून गेलेली कुटुंबंही विचारतात, कोणाला देऊ? संघाने यावर संस्थांना गुण देऊ नयेत किंवा शिफारसपत्रं काढू नयेत. सभासदांची कागदपत्रं एका जागी ठेवावीत: नोंदणी क्रमांक, विश्वस्तांची यादी, ३ वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब. देणाऱ्याने वाचावं आणि ठरवावं. एक बारकावा सभासदांना सांगून ठेवा. भारतीय पासपोर्ट असलेला अनिवासी माणूस आपल्या कमाईतून देतो ती परदेशी देणगी धरली जात नाही. त्याने परदेशाचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक असलेल्या मूळ भारतीयांना मिळणारं) असूनही ती परदेशी देणगी ठरते, आणि परवाना नसेल तर घेता येत नाही. पासपोर्टची प्रत मागायला लोक संकोचतात, आणि पुढे अडचणीत येतात.

आता सभासद. देणारे आणि मागणारे दोघंही घ्या, कारण आपल्याकडे त्यांच्यात भिंत नाही. फक्त पहिल्याच बैठकीत एक नियम करा: संघाच्या बैठकीत कोणी कोणाकडे पैसे मागायचे नाहीत. हा नियम नसेल तर दुसऱ्या बैठकीपासून देणारे यायचे बंद होतात. बाहेर, चहाच्या वेळी, ओळखीतून जे व्हायचं ते होईल. ज्या देवस्थान ट्रस्टांचं शिक्षणाचं किंवा आरोग्याचं काम आहे त्यांनाही बोलवा. त्यांच्याकडे जागा आणि मनुष्यबळ असतं. वर्गणी प्रत्येकाच्या वार्षिक खर्चाच्या प्रमाणात ठेवा, मत मात्र प्रत्येकाला एकच. आणि प्रत्येक ट्रस्टने ठराव करून आपला प्रतिनिधी लेखी कळवावा.

वर्गणीबद्दल एक तपासून घ्या. ट्रस्टचा पैसा त्याच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, लिहिलेल्या उद्दिष्टांवरच खर्च होतो. कामकाजासाठीची माफक वर्गणी प्रशासकीय खर्चात बसते. मोठी रक्कम द्यायची तर घटनेत तशी तरतूद हवी. तुमच्या आजोबांच्या ट्रस्टची घटना काढून वाचा आणि तुमच्या लेखापालाला दाखवा. हे प्रत्येक ट्रस्टच्या मजकुरावर अवलंबून आहे, मी इथून सांगू शकत नाही.

नोंदणीची घाई करू नका. पहिलं वर्ष संघाने पैसे हाताळायचेच नाहीत असं ठरवलंत तर नोंदणीवाचून चालतं. सभागृह एका सभासदाचं, छपाईचं बिल दुसऱ्याने थेट छापखान्याला द्यायचं, चहा तिसऱ्याचा. एवढी काळजी घ्या की कोणाच्याही वैयक्तिक खात्यात वर्गणी जमा होऊ देऊ नका, आठवडाभरासाठीसुद्धा नाही. वर्षअखेरीला १५-२० ट्रस्ट टिकून असतील आणि एक माणूस अर्धवेळ पगारावर ठेवण्याची गरज सगळ्यांना पटली असेल, तर नोंदणी करा.

तेव्हा माझी पसंती १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला. किमान ७ जण लागतात, आणि महाराष्ट्रात अशा संस्थेची नोंदणी १९५० च्या विश्वस्त कायद्याखालीही होते. सभासदांनी मत देऊन कार्यकारिणी निवडायची ही संघाची प्रकृती या साच्यात बसते. नुसत्या ट्रस्टमध्ये सगळा अधिकार विश्वस्तांकडे राहतो आणि सभासद पाहुणे होतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ खालची कंपनीही काढता येते, पण तिची दरवर्षीची कागदपत्रं आणि खर्च जिल्हा पातळीच्या संघाला पेलणं अवघड. तुमचा संघ पुढे चार-पाच जिल्ह्यांचा होणार असेल आणि मोठ्या कंपन्यांशी काम करणार असेल तर याचा फेरविचार करा. आणखी एक: संघाने प्रशिक्षणाची फी घेतली तर प्राप्तिकराच्या नजरेत ते व्यावसायिक उत्पन्न ठरू शकतं, आणि सर्वसाधारण लोकोपयोगी कामाच्या वर्गातल्या संस्थांना असं उत्पन्न एकूण जमेच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावं लागतं. म्हणून फीपेक्षा वर्गणीवर भर द्या आणि लेखापालाचं मत आधी घ्या.

थोडक्यात क्रम असा ठेवा: या उन्हाळ्यात पुराचं पान आणि शिष्यवृत्तीचा समान अर्ज, सप्टेंबरच्या आधी ऑडिटच्या तारखांची फोनाफोनी, दिवाळीनंतर रुग्णालयांबरोबर बैठक, आणि नोंदणीचा विचार पुढच्या मार्चमध्ये. तुमच्या भागात आधीच वकिलांचा किंवा डॉक्टरांचा एखादा कार्यरत गट असेल तर यातलं काही आधी आणि काही नंतर होईल. तालुक्यांमधलं अंतर, कोणाचं कोणाशी पटतं, धर्मादाय कार्यालयातले सध्याचे अधिकारी किती सहकार्य करतात, यावरही बरंच ठरेल.

राहिला तुमच्या पुढाऱ्यांचा प्रश्न. त्यांची जागा घ्या, पण लेखी भाडेकराराने, नाममात्र का होईना भाडं देऊन, आणि शक्यतो नोंदणीनंतर. अध्यक्षपद देऊ नका. ते चांगले गृहस्थ असतील, त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण जिल्ह्यातले निम्मे ट्रस्ट दुसऱ्या गटाच्या माणसांचे असतात, आणि अध्यक्षांचं नाव ऐकून ते आपले हिशेब किंवा याद्या तुमच्या टेबलावर ठेवणार नाहीत. निवडणुकीच्या वर्षात तर कोणी फिरकणारही नाही. पहिली ३ वर्षं अध्यक्षपद तालुक्यांत फिरतं ठेवा, दरवर्षी वेगळा तालुका, आणि सुरुवात एखाद्या लहान ट्रस्टच्या विश्वस्तांपासून करा. पुढाऱ्यांना हे तुम्ही स्वतः घरी जाऊन सांगा, निरोप पाठवू नका. त्यांच्याकडे एक वेगळी गोष्ट मागा: जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांबरोबर पुराच्या तयारीची एक बैठक लावून द्या म्हणावं. ते त्यांना सहज जमेल, आणि पावसाळ्याच्या आत तुम्हाला ती बैठक हवीच आहे.